शनिवारी सव्वाशे जण येणार; काम किती जणांचं आहे?

जूनमधलं वृक्षारोपण, २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव, ५ डिसेंबरचा स्वयंसेवक दिन आणि मार्चअखेर. या चार हंगामांत कंपन्यांकडून सामाजिक संस्थांना हमखास फोन येतो: 'आमच्या लोकांना एक दिवस तुमच्याकडे काम करायचंय.' या विषयावर दोन्ही बाजूंच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. त्यात संस्थांचे प्रश्न जास्त आहेत, आणि ते साहजिक आहे. दिवस फसला तर निस्तरावं त्यांनाच लागतं.

प्रश्न : आमची संस्था मुळशी तालुक्यात पाणलोटाचं आणि देशी बियाण्यांचं काम करते. कार्यकर्ते पाच. एका आयटी कंपनीने कळवलंय की पुढच्या शनिवारी त्यांचे १२० कर्मचारी श्रमदानाला येतील. एवढ्यांना पुरेल असं काम आमच्याकडे नाही. नाही म्हटलं तर पुढे मिळू शकणारा निधी जाईल अशी भीती वाटते. काय करावं? (एक कार्यकर्ती, पौड)

नाही म्हणू नका. आकडा आणि तारीख बदलून मागा. पण त्याआधी कागद घेऊन बसा आणि तुमची कामं लिहून काढा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी हव्यात: एका वेळी किती जण हात लावू शकतात, शिकवायला किती वेळ लागतो, देखरेख कोण करणार, आणि काम अर्धवट राहिलं तर काय बिघडतं. चौथ्या प्रश्नाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. बियाणं निवडायचं राहिलं तर ते पुढच्या आठवड्यात निवडता येतं. अर्धवट बांध पहिल्या जोरदार पावसात वाहून जातो आणि खालच्या शेतात दगडगोटे पसरवतो. असं काम एकदाच येणाऱ्या पाहुण्यांच्या भरवशावर काढू नका.

आता माणसांचा हिशोब. माती-दगडाच्या कामाला दहा स्वयंसेवकांमागे एक जाणता माणूस लागतो. बसून करायच्या कामाला, म्हणजे बियाणं निवडणं, पाकिटं भरणं, चिठ्ठ्या चिकटवणं याला, पंधरांमागे एक पुरतो. तुम्ही पाच जण. त्यातला एक कोणत्याही गटात न अडकता मोकळा हवा: पाणी, प्रथमोपचार, बसचालकाचा फोन, वाट चुकलेली गाडी यांसाठी. उरले चार. म्हणजे मातीकामाला ४० जण ही तुमची कमाल मर्यादा झाली. १२० जणांचे तीन शनिवार करा. कंपनीला एकाच दिवशी सगळे न्यायचे असतील तर तालुक्यातल्या आणखी दोन संस्थांना विचारून तीन जागा सुचवा. किंवा कंपनीने आपले आठ गटप्रमुख आठवडाभर आधी अर्ध्या दिवसासाठी तुमच्याकडे शिकायला पाठवावेत. मग आकडा वाढवण्याचा विचार होऊ शकतो. यातलं काहीच मान्य नसेल तर तो गट कामासाठी येत नाहीये हे समजून घ्या आणि मग मात्र नम्रपणे नकार द्या.

उत्तराचं पत्र लहान असू द्या: 'आमच्याकडे अमुक गावात सलग समतल चरांचं, म्हणजे उतारावर पाणी अडवायला आडवे लांब चर खणण्याचं काम आहे. एका दिवशी ४० जणांना नीट काम देता येईल. पुढचे तीन शनिवार सोयीचे आहेत. आपले दोन प्रतिनिधी आधी जागा पाहायला आले तर बरं.' कारणासकट आकडा दिला की बहुतेक कंपन्या ऐकतात. त्यांच्या एचआरलाही दिवस फसलेला नको असतो.

दहा जणांच्या गटाला तीन कुदळी किंवा टिकाव, तीन फावडी, सहा घमेली आणि मुरमाची जमीन असेल तर एक पहार द्या. तिघे खणतात, तिघे भरतात, चौघे वाहतात, आणि दर पंधरा मिनिटांनी हात बदलतात. प्रत्येकाला कुदळ दिली तर दहाव्या मिनिटाला सगळेच दमून उभे राहतात, शिवाय पात्यापासून जवळच्याच्या पायाला धोका असतो. खणणाऱ्या दोघांमध्ये किमान दोन मीटर अंतर ठेवा. हत्यारांचे दांडे आदल्या दिवशी तपासा. सैल दांड्याला पाचर मारा आणि दांड्याचं डोकं रात्रभर पाण्यात ठेवा. लाकूड फुगून घट्ट बसतं. दांड्यातून निसटलेलं टिकावाचं पातं ही या दिवसांतली सगळ्यांत गंभीर इजा करणारी वस्तू आहे.

चराची आखणी तुमच्याच माणसांनी आधी करून फक्की मारून ठेवायची. समपातळी रेषा ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर या पातळी मोजायच्या साधनांनी घ्या, नजरेने नको. चर समतल नसला तर पाणी सखल टोकाला साचतं आणि तिथूनच फुटतं. किती लांबीचा चर होईल याचा अंदाज घ्यायला तुमच्या दोन कार्यकर्त्यांनी त्याच जमिनीत अर्धा तास खणून मोजावं आणि शहरातल्या माणसासाठी त्याच्या तिसरा हिस्सा धरावा. गटाचं काम ठरल्यापेक्षा लवकर संपलं तर चालतं. संपलंच नाही तर लोक हिरमुसून जातात आणि राहिलेलं मजूर लावून तुम्हाला पुरं करावं लागतं.

वेळेचं गणित कठोर आहे. हिंजवडीहून सातला निघणारी बस साडेसातला निघते, वाटेत नाश्ता होतो, गावात सव्वानऊला पोहोचते. फेब्रुवारीनंतर अकराला ऊन चढलेलं असतं. म्हणजे हातात दोन तास. त्यातला पाऊण तास स्वागत, नारळ, शाली आणि भाषणांत घालवू नका. दहा मिनिटांत एका कार्यकर्त्याने जागेवर उभं राहून सांगावं: पाणी कुठून येतं, कुठे जातं, चर कशासाठी, कुदळ कशी धरायची. विश्वस्तांना बोलायचंच असेल तर शेवटी, चहा पिताना.

आणि स्वच्छतागृह. ४० जणांमागे किमान दोन, आतून कडी लागणारी, पाणी असलेली, कचऱ्याचा डबा आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवलेली. गावातली शाळा किंवा दोन घरं आधी विचारून ठेवा. स्वच्छतागृह जवळ नसलं की बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन पडतात. याची सोय होत नसेल तर ती जागाच बाद करा.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात एचआर विभागात आहे. ५ जूनला, पर्यावरण दिनी, आम्हाला ५०० झाडं लावायची आहेत. दोन वर्षांपूर्वी लावलेली बहुतेक मेली. नेमकं कुठे चुकतं?

पहिली चूक तारखेची. पुण्या-मुंबईकडे मोसमी पाऊस सरासरीने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि मग बरेचदा आठ-दहा दिवस दडी मारतो. ५ जूनला कोरड्या, तापलेल्या जमिनीत लावलेलं रोप त्या उघडिपीत करपतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन फूटभर खोल ओली झाली की लावा. तुमच्या भागात जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैअखेर. ५ जूनला हवं तर खड्डे भरण्याचं काम ठेवा. पर्यावरण दिन साजरा होतो आणि रोपंही वाचतात.

दुसरी चूक पाण्याची. वेळेवर लावलेली रोपं मरतात ती पावसाळ्यात नाही, पुढच्या मार्च ते मेमध्ये. एका रोपाला आठवड्याला १५ लिटर धरलं तर ५०० रोपांना दर आठवड्याला ७,५०० लिटर लागतात. २०० रोपांना ३,००० लिटर, म्हणजे छोट्या ट्रॅक्टर-टँकरची एक खेप. पहिल्या वर्षी डिसेंबर ते मे दर आठवड्याला, म्हणजे २६ खेपा. दुसऱ्या वर्षी दर दहा दिवसांनी, १८. तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी, १२. एकूण ५६ खेपा. तुमच्या गावातला टँकरचा दर विचारून ५६ ने गुणा आणि तो आकडा कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. तो परवडत नसेल तर रोपं कमी करा. आमचं मत विचाराल तर २०० लावा आणि जगवा. रोपाच्या संख्येची बातमी एक दिवस टिकते, सावली पन्नास वर्षं.

खड्डे एप्रिल-मेमध्येच काढून उन्हात तापू द्या: दोन फूट लांब, रुंद, खोल. वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरची माती आणि दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत वापरा. कच्चं शेण घातलं तर वाळवी आणि हुमणी लागते. ट्रॅक्टरच्या ऑगरने खड्डे घेतले तर काम झपाट्याने होतं, पण मुरमाड जमिनीत त्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात. म्हणून ऑगरनंतर पहारीने भिंती खरवडून घ्या.

जात निवडताना नर्सरीत जे उरलंय ते उचलू नका. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, कांचन, आपटा, अर्जुन, बेहडा यांतून जागेप्रमाणे निवडा. अर्जुन ओढ्याकाठी, कडुनिंब कोरड्या माळावर. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी टाळा. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून काय झालं ते डोळ्यांसमोर आहे: सगळीकडे तेच, खाली गवत नाही, दुसरं झाड नाही. रोप तीन-चार फुटी, जाड बुंध्याचं हवं. पिशवीतून मुळं बाहेर येऊन जमिनीत गेलेली असतील तर ते रोप नको.

लावण्याचं काम जोडीने द्या. एक जोडी वीस मिनिटांत एक रोप नीट लावते, दोन तासांत पाच-सहा. ४० जण म्हणजे २० जोड्या, म्हणजे शंभर-सव्वाशे रोपं. २०० साठी ८० जण किंवा दोन दिवस. प्रत्येक जोडीला एकदा करून दाखवा: पिशवी ब्लेडने उभी कापायची, ओढून काढायची नाही; तळाशी गुंडाळलेली मुळं असतील तर तेवढी छाटायची; मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही; रोपाची मान जमिनीच्या पातळीला ठेवायची, पुरायची नाही; माती पायाने हलकेच दाबायची. काठी मातीच्या गोळ्याच्या बाहेर रोवायची आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधायची. उतारावर आळं खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती करा. वर चार बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन टाका, पण बुंध्याला चिकटवून नको.

दिवस संपताना फाडलेल्या पिशव्या गोळा करून मोजा. लावलेल्या रोपांइतक्याच भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर काही रोपं पिशवीसकट जमिनीत गेली आहेत, आणि ती नक्की मरणार. ही मोजणी पाच मिनिटांची आहे, ती कधीही सोडू नका.

जागा वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून लेखी परवानगी घ्या; गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव. पण ठरावाइतकंच महत्त्वाचं, तिथे कोणाच्या शेळ्या चरतात ते विचारा. त्यांच्याशी न बोलता घातलेलं कुंपण महिन्याभरात मोडतं. शक्य झालं तर त्यांच्यातल्याच एकाला पगारी राखणदार नेमा. डोंगरउतारावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढायला विसरू नका. एका वणव्यात तीन वर्षांचं काम जातं. ऑक्टोबरअखेर आणि मेअखेर जगलेली रोपं मोजा. तुमच्या कारखान्यातले पंधरा जण त्या मोजणीला आले तर त्याला आम्ही लागवडीच्या दिवसाइतकंच मोलाचं काम मानू.

प्रश्न : कंपनी म्हणते, 'आम्ही माणसं देतोय, पैसे कशाला?' आम्ही खर्च मागावा का, आणि तो सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, मिळतो का? (विश्वस्त, सातारा)

मागावा, लेखी आणि आधी मागावा. फुकट आलेल्या माणसांचा दिवस संस्थेला फुकट पडत नाही. उदाहरणादाखल ४० जणांच्या अर्ध्या दिवसाचा हिशोब पाहा. जागापाहणी, फोन-पत्रं, आदल्या दिवशीची तयारी, प्रत्यक्ष दिवस आणि नंतरचा अहवाल मिळून कार्यकर्त्यांचे सात दिवस जातात. दिवसाला १,००० रुपये धरले तर ७,०००. साहित्य माणशी १५० प्रमाणे ६,०००. चहा, नाश्ता, पाणी माणशी १२० प्रमाणे ४,८००. हत्यारांची झीज २,०००, टेम्पो ३,०००, प्रथमोपचार-छपाई-फोन १,२००. बेरीज २४,०००, म्हणजे माणशी ६००. यात नंतरची देखभाल नाही. दर तुमच्या गावाचे घाला, पण मथळे हेच ठेवा. सातपैकी पाच दिवस संस्था मोजतच नाही, आणि तिथेच तोट्यात जाते.

आता सीएसआर. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खाली जो खर्च मोजला जातो त्यात कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. केवळ एका दिवसाचा सुटा कार्यक्रम सीएसआर खर्चात धरला जात नाही, हेही जून २०१४पासून सांगितलेलं आहे. फक्त कर्मचाऱ्यांच्याच फायद्याचा खर्चही त्यात बसत नाही. म्हणून मागणी दोन भागांत करा. कर्मचाऱ्यांचा नाश्ता, बस, टी-शर्ट, टोप्या हा खर्च कंपनीच्या एचआर खात्याकडून. रोपांची तीन वर्षांची देखभाल, शाळेची दुरुस्ती, राखणदाराचा पगार हा चालू प्रकल्पाचा भाग म्हणून सीएसआरमधून, आणि श्रमदानाचा दिवस त्या प्रकल्पातला एक दिवस. अशी मांडणी केली की कंपनीच्या लेखापालालाही ती पटते.

सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा दाखला आणि सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१पासून तो सक्तीचा आहे. परदेशातलं मुख्यालय थेट पैसे पाठवतो म्हणालं तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते कधीही खात्यात घेऊ नका, रक्कम कितीही छोटी असो. कंपनीने 'टीम बिल्डिंग'चं बिल मागितलं तर थांबा. देणगीची पावती आणि सेवेचं बिल यांत जीएसटीचा फरक पडतो. आधी तुमच्या सीएला विचारा.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्या रंगवायला एक कंपनी येतेय. गेल्या वेळचा रंग सहा महिन्यांत पोपडे धरून पडला. (मुख्याध्यापक, पारनेर तालुका)

पोपडे रंगाच्या दोषाने क्वचित येतात. खाली जुना चुना असतो म्हणून येतात. चुन्यावर मारलेला डिस्टेंपर चुन्यालाच धरून राहतो आणि दोघे मिळून सुटतात. भिंत पत्र्याच्या पट्टीने खरवडून, पॉलिश पेपर मारून, ओल्या फडक्याने पुसून, प्राइमरचा हात देऊन वाळवली पाहिजे. हे काम रंगाऱ्याचं आहे आणि ते स्वयंसेवक येण्याआधी किमान तीन दिवस संपलेलं हवं. भिंतीला ओल असेल तर आधी छत किंवा पन्हळ दुरुस्त करा. ओलीवर कोणताच रंग टिकत नाही, आणि पावसाळ्यात तर हा कार्यक्रम ठेवूच नका.

२० बाय २० फुटांची, १० फूट उंच भिंतींची खोली म्हणजे ८०० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता ७००. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण ६० चौरस फूट पुरतो, म्हणजे खोलीला १२ लिटर. डब्यावर शिसं नसल्याचा उल्लेख पाहून घ्या. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा कमी असणं कायद्याने सक्तीचं आहे. पहिला हात रंगाऱ्याने आदल्या दिवशी द्यावा, दुसरा स्वयंसेवकांनी. एका दिवसात दोन्ही हात मारायचा आग्रह धरला तर पहिला वाळायच्या आत दुसरा बसतो आणि रोलरला रंग चिकटून उचलला जातो.

एका खोलीत आठपेक्षा जास्त माणसं नकोत. शिडीवर फक्त रंगारी चढेल. वरचे तीन फूट तोच करेल. उरलेल्या लोकांना बाहेर बाक दुरुस्त करणं, ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हर घालणं, मैदानावर खो-खोचं क्रीडांगण आखणं अशी कामं द्या. शनिवार दुपार निवडा म्हणजे सोमवारपर्यंत वास जातो. आणि भिंतीवर काय काढायचं हे शाळा व्यवस्थापन समितीत आधी ठरवा. कंपनीच्या बोधचिन्हाने निम्मी भिंत भरलेल्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत. दाराजवळ एक छोटी पाटी पुरे. भिंत मुलांच्या पाढ्यांची, नकाशाची, गावातल्या पक्ष्यांची आहे.

प्रश्न : बालगृहात मुलांसोबत वाढदिवस साजरे करायला कंपनीची माणसं येतात. फोटोंवरून वाद होतो. नियम काय? (अधीक्षक)

मुलांचे चेहरे, नावं, शाळेचं नाव यांतलं काहीही बाहेर जाता कामा नये. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'फक्त आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकू' हे उत्तर स्वीकारू नका. मोबाईल दाराशी जमा करा. फोटो हवाच असेल तर तुमच्या एका कर्मचाऱ्याने काढावा, पाठमोरा किंवा फक्त हातांचा, आणि तुम्ही पाहून मगच द्यावा. कोणताही पाहुणा एकटा मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही. बालकल्याण समिती आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाच्या भेटींबाबतच्या सूचना पाहुण्यांना आधीच पाठवा.

वाढदिवसाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. दर शनिवारी नवी माणसं, नवा केक, 'काका परत येईन' आणि परत कोणी नाही, हे मुलांना त्रास देणारं आहे. त्याऐवजी तेच सहा जण वर्षभर दर पंधरवड्याला गणित शिकवायला येणार असतील तर त्यांना आनंदाने घ्या.

प्रश्न : आम्ही ठाण्यातल्या एका वित्त कंपनीत बारा जण आहोत. अंगमेहनत फारशी जमणार नाही. आमचा उपयोग कुठे होईल?

नोव्हेंबरमध्ये पुष्कळ होईल. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. मोबाईलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण', म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, काढता येतं, पण आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन्ही ॲप घालून अर्ज भरणं अनेक आजी-आजोबांना जमत नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात सहा टेबलं मांडा, प्रत्येकी दोघे जण. आधार, आधारला जोडलेला मोबाईल, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँकेचं पासबुक घेऊन या असं आठवडाभर आधी फलकावर लिहा. एका माणसाला पंधरा मिनिटं धरा, म्हणजे तीन तासांत सहा टेबलांवर सत्तरेक जण. चेहरा घेताना उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ करून बसवलं तर नोंद फसते. ओटीपी कोणीही कागदावर लिहून घ्यायचा नाही, आणि नातेवाईक किंवा संघाचा माणूस शेजारी बसलेला हवा. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांचा दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो, त्यांना नोव्हेंबरची घाई नाही. त्यांना वेगळ्या दिवशी बोलवा. राज्य शासनाच्या निवृत्तांनी आधी आपल्या बँकेत किंवा कोषागारात विचारून यावं.

दुसरं काम छोट्या संस्थांच्या कार्यालयात पडून आहे. वीस-पंचवीस वर्षांचे अहवाल, प्रशिक्षणाच्या पुस्तिका जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये आहेत. आज उघडले तर चिन्हांची खिचडी दिसते. ते युनिकोडमध्ये आणायचं आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहायचं. रूपांतरात रफार, जोडाक्षरं आणि पोटफोड्या 'ष' हमखास बिघडतात. दोघांनी मिळून काम करावं, एकाने वाचावं, दुसऱ्याने दुरुस्त करावं. घरी बसून, दर शनिवारी दोन तास, सहा महिने. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणूनच ते कोणी करत नाही.

प्रश्न : अलिबागजवळच्या किनाऱ्यावर सफाई करायची आहे. कोणती वेळ निवडावी?

ओहोटीची. भरतीचं वेळापत्रक पाहून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करा आणि नंतर तासाभरात संपवा. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. महिनाभर आधी 'सकाळी सात' ठरवून मोकळं होऊ नका, त्या दिवशी सातला कदाचित पाणी तटापर्यंत असेल.

कापडी नव्हे, नायट्राइलचा थर असलेले हातमोजे घ्या. फुटक्या काचा आणि सुयांसाठी झाकणाची बादली वेगळी. पोत्यात टाकण्याआधी प्रत्येक वस्तूची वाळू झटका, नाहीतर पोतं दोघांना उचलवत नाही आणि नगरपालिकेची गाडी ते घेत नाही. वाळूत पुरलेली नायलॉनची जाळी ओढू नका, कोयत्याने तुकडे करून काढा. गाडी कधी आणि कुठवर येणार हे आरोग्य निरीक्षकांकडून लेखी घ्या. भरलेली पोती किनाऱ्यावर राहिली तर पुढच्या भरतीत कचरा परत पाण्यात जातो. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत कोकणच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तेव्हा भरतीरेषेच्या वरची वाळू दाताळ्याने उकरू नका आणि आधी वनखात्याच्या कासवमित्रांशी बोला.

प्रश्न : कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची?

हे आधी कागदावर यायला हवं. कंपनीच्या पत्रात एक वाक्य मागा: हा दिवस कर्मचारी कंपनीच्या वतीने काम करत आहेत आणि त्यांचा अपघात व आरोग्य विमा या दिवशी लागू आहे. सुट्टीच्या दिवशीचा कार्यक्रम असेल तर तो लागू आहे का, हे एचआरने विमा कंपनीला विचारून लेखी कळवावं. नावांच्या यादीत प्रत्येकापुढे घरच्यांचा फोन, रक्तगट आणि दमा, फिट्स, मधुमेह, गरोदरपण यांची नोंद हवी. ही माहिती फक्त गटप्रमुखाकडे राहील आणि दिवस संपल्यावर नष्ट होईल, असं आधी सांगितलं तर लोक खरं लिहितात.

जवळचं रुग्णालय कुठलं, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, रात्री-रविवारी डॉक्टर असतात का हे आदल्या आठवड्यात जाऊन पाहा. नुसतं १०८ वर विसंबू नका. डोंगरात रेंज नसते. एक चारचाकी आणि चालक पूर्ण वेळ जागेवर ठेवा, किल्ली गाडीलाच. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे ४० जणांना २० लिटरचे सहा जार, आणि ओआरएसची वीस पाकिटं. दगड उचलताना आधी पहारीने उलटा करायचा, मग हात घालायचा, हे प्रत्येक गटाला स्वतंत्रपणे सांगा. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर दिवस पुढे ढकला. ही पुढची तारीख पहिल्या पत्रातच ठरवून ठेवा, म्हणजे आदल्या रात्री वाद होत नाही.